चिरलेला बंपर आणि शेवयांचा गुंता

जुन्या गाडीचा बंपर चिरला की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: कपाटातली सुपर ग्लूची नळी. हा पदार्थ बोटं एकमेकांना चिकटवतो, फुटलेल्या कपाचा कान क्षणात जागेवर बसवतो. तो चिरेत ओतायचा, दोन्ही कडा दाबून धरायच्या आणि निश्चिंत व्हायचं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गतिरोधकावर चीर पुन्हा उघडते. वाळलेल्या ग्लूची पापडी नखाने अलगद निघते आणि खालचं प्लास्टिक असं कोरं करकरीत, जसं काही त्याला कुणी हातच लावला नव्हता!

मग तोच बंपर रस्त्याकडेच्या बंपर रिपेअरवाल्याकडे जातो. त्याच्याकडे असतं काय? एक सोल्डर गन, एक हॉट एअर गन, तारेच्या जाळीचा तुकडा आणि भंगारातल्या बंपरांच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या. चहा पिऊन येईपर्यंत तो चीर मिटवतो, आणि काम नीट केलं असेल तर ती जागा पुढे वर्षानुवर्षं तग धरते. महागड्या ग्लूला जे जमलं नाही ते एका तापलेल्या टोकाला कसं जमतं?

उत्तराची सुरुवात बंपरच्या पाठीवरच छापलेली असते. बंपर सोडवून उलटा करा. आतल्या बाजूला कुठेतरी टोकदार कंसांत बारीक उठावदार रोमन अक्षरं सापडतील: पीपी, मग अधिकचं चिन्ह, मग ईपीडीएम, पुढे टीडी आणि एक आकडा, बहुधा १० किंवा २०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. लग्नाच्या मांडवात रांगेने लागणाऱ्या खुर्च्या ज्या प्लास्टिकच्या असतात, तेच. ईपीडीएम हे एक कृत्रिम रबर. आणि टीडी म्हणजे टाल्क, टाल्कम पावडरीतलं खनिज. आकडा त्याची टक्केवारी सांगतो. मांडवातली खुर्ची, रबर आणि पावडर! इतक्या दिमाखाने रंगवलेल्या गाडीचा चेहरा एवढ्याच भांडवलावर उभा आहे.

त्यातल्या प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. नुसतं पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होतं. रबराचे कण, साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, धक्का पचवतात. टाल्क कडकपणा देतं आणि उन्हात बंपरला फार फुगू देत नाही. पण कथेचा नायक पॉलिप्रॉपिलीनच, आणि त्याचा जन्मही नाट्यमय आहे.

प्रॉपिलीन हा वायू तेलशुद्धीकरणात भरपूर निघतो. त्याचे रेणू एकाला एक जोडून लांब साखळी करावी, ही कल्पना जुनी होती. पण प्रयत्न केला की हाती यायचा नुसता चिकट राडा. १९५४ च्या मार्चमध्ये मिलानमध्ये जूलिओ नात्ता यांनी टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांचा उत्प्रेरक वापरला. या घराण्यातला उत्प्रेरक जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी नुकताच शोधला होता. या वेळी राड्याबरोबर एक पांढरा, टणक, उष्णतेला दाद न देणारा पदार्थ मिळाला. अणू तेच, त्यांचं प्रमाणही तेच. मग बदललं काय? प्रॉपिलीनच्या प्रत्येक कडीला एक छोटी फांदी असते, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची. राड्यात या फांद्या साखळीच्या दोन्ही अंगांना वाटेल तशा फुटलेल्या होत्या. नव्या पदार्थात त्या सगळ्या एकाच अंगाला होत्या. फांद्या शिस्तीत आल्या, त्यामुळे साखळ्यांना शेजारीशेजारी घड्या घालून स्फटिक बनवता आले आणि राड्याचं टणक प्लास्टिक झालं. तीन वर्षांत फेर्राराला कारखाना सुरू झाला आणि १९६३ साली नात्ता आणि झीग्लर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबई हायचा वायू उरणला येतो, त्यातले काही घटक पुढे नागोठण्याला जातात आणि तिथे त्यांचं प्लास्टिक होतं, पॉलिप्रॉपिलीनसकट. समुद्राखालून आलेल्या वायूचा शेवट एखाद्या गाडीच्या नाकाशी व्हावा, यात अशक्य काहीच नाही.

आता एका साखळीच्या आकाराचा अंदाज घेऊ. तिच्या कण्यात दहा-वीस हजार कार्बन अणू एकापुढे एक असतात. जाडी नॅनोमीटरहून कमी, लांबी मात्र दोनेक हजार नॅनोमीटर. हे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून शिजवलेल्या शेवया आठवा. एक मिलिमीटर जाडीची एक शेवई तीन-चार मीटर लांब आहे अशी कल्पना करा. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत! अशा अब्जावधी शेवया एका परातीत ओतल्या आहेत. कुणी कुणाला बांधलेलं नाही, कुठे गाठ नाही, तरी एक शेवई ओढून काढायला गेलात तर सगळी परात हलते. बंपरची मजबुती यातूनच येते: थोडे स्फटिक, आणि बाकी सगळा हा गुंता.

ग्लू का हरला, तेही इथेच कळतं. या शेवया फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या. त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही, दुसऱ्या रेणूने पकडावं असं काहीच नाही. पाण्याचा थेंब टाका, तो गोळी होऊन बसतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक, पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३०. पाण्याला पसरण्याचं कारणच उरत नाही. ग्लू चिरेत गेला, घट्ट झाला, पण धरायला त्याला कुणी हात दिला नाही. पॉलिप्रॉपिलीन परक्या कुणालाच जवळ करत नाही. ग्लूचा कारखानदार याला दोष म्हणेल, लोणच्याची बरणी धुणारी व्यक्ती गुण म्हणेल.

मग या माणूसघाण्या प्लास्टिकला चिकटणार कोण? ते स्वतः!

साधारण १६५ अंशांपाशी पॉलिप्रॉपिलीनचे स्फटिक वितळतात आणि शेवया मोकळ्या होतात. पण मोकळ्या म्हणजे किती? आजूबाजूला सगळ्या बाजूंनी दुसऱ्या शेवया असताना चार मीटरची शेवई आडवी सरकूच शकत नाही. तिला एकच वाट असते, स्वतःच्याच लांबीच्या दिशेने, डोकं पुढे आणि शेपूट मागे, सरपटत. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जील द झेन यांनी १९७१ मध्ये साखळ्यांची ही सरपट गणितात मांडली. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं, त्यात अशा लांब रेणूंचा अभ्यास होता. सोल्डर गनच्या टोकाखाली नेमकं हेच चालू असतं. चिरेच्या डाव्या कडेच्या शेवया उजवीकडे सरपटतात, उजवीकडच्या डावीकडे.

आणि त्यांना जावं किती लागतं? साखळी गुंडाळलेल्या अवस्थेत जेवढी जागा व्यापते तेवढं, म्हणजे वीसेक नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग! एवढं अंतर ओलांडलं की नवा गुंता जुन्या गुंत्यासारखाच होतो. थंड झाल्यावर स्फटिक पुन्हा बनतात, आणि कड कुठली, मधली चीर कुठे होती, हे रेणूंच्या पातळीवर सांगता येणार नाही. ग्लू दोन भिंतींच्या मध्ये तिसरी भिंत उभी करतो. इथे भिंतच नाहीशी झाली.

रिपेअरवाला भंगारातल्या बंपरची पट्टी का वापरतो, याचं उत्तरही शेवयांकडेच आहे. सांध्यात भरायला पॉलिप्रॉपिलीनच लागतं. दुसरं प्लास्टिक चालत नाही. का चालू नये? दोन्ही वितळलेली, दोन्ही गरम, मिसळायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. छोटे रेणू एकमेकांत मिसळतात, कारण मिसळल्याने पसारा वाढतो आणि निसर्गाला पसारा प्रिय आहे. हा लाभ मात्र रेणूमागे मोजला जातो. हजारो कड्यांची साखळी हा एकच रेणू, म्हणून लाभ एकाचाच. परक्या शेजाऱ्याचा त्रास मात्र कडी न् कडी सोसते. हिशेब तोट्यात जातो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन, दोन्ही कार्बन-हायड्रोजनचेच, सख्खी भावंडं म्हणावीत इतके जवळचे. वितळवून एकत्र ढवळले तरी तेल आणि पाण्यासारखे वेगळे राहतात. प्लास्टिकच्या बहुतेक जोड्यांचं असंच आहे. कचऱ्यातलं सगळं प्लास्टिक एकत्र वितळवून नवी वस्तू करणं इतकं अवघड का, त्याचं एक मोठं कारण हेच.

पाठीवरची अक्षरं पुसली गेली असतील तर? कारागीर पट्टीचा एक ठिपका वितळवून आतल्या बाजूला लावतो, थंड होऊ देतो आणि पक्कडीने ओढतो. सहज सुटला तर जात वेगळी. वास हीही खूण आहे: वितळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. पाण्यात तरंगलं की पॉलिप्रॉपिलीन, असं काही जण सांगतात. पण वीस टक्के टाल्क असलेला तुकडा बुडतो, त्यामुळे त्या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नये.

सांधण्याआधी चांगला कारागीर एक उलटं वाटणारं काम करतो. चीर जिथे संपते तिथे ड्रिलने एक गोल भोक पाडतो. आधीच चिरलेल्या बंपरला आणखी भोक? याचं गणित १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी मांडलं होतं, तेही जहाजांच्या पत्र्यांचा विचार करताना. पत्रा ओढला आणि त्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. तेच भोक लंबगोल असेल, ओढीला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब, तर टोकाशी ताण एकवीसपट! चीर म्हणजे असाच लंबगोल, पण रुंदी जवळजवळ शून्य. म्हणून तिच्या टोकाशी ताण बेसुमार वाढतो आणि बारीकशी चीर प्रत्येक खड्ड्यागणिक पुढे पळते. टोकावर गोल भोक पाडलं की ते अणकुचीदार टोक बोथट होतं आणि तिथला ताण खूप उतरतो. आता चीर थांबते. अडचण एवढीच की खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं. भोक अलीकडे पडलं तर चीर त्याला वळसा घालून जाते, आणि गिऱ्हाईक दुरुस्तीला नावं ठेवतं.

त्यानंतर चिरेच्या कडा तिरक्या घासून खाच करायची, आतल्या बाजूने तारेची जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये बुडवायची, वरून पट्टी वितळवत खाच भरायची. इथे हात जड झाला की काम बिघडतं. धूर निघून काळं पडू लागलं म्हणजे शेवया तुटू लागल्या. उष्णतेत हवेतला ऑक्सिजन त्यांचे तुकडे करतो, आणि बोटभर तुकड्यांचा गुंता होत नाही. म्हणून मोठ्या वर्कशॉपमध्ये गरम हवेऐवजी गरम नायट्रोजन सोडणारी यंत्रं वापरतात.

जुनी गाडी वेगळी वागते, तेही याच कारणाने. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या न रंगवलेल्या काळ्या बंपरवरून बोट फिरवा. करडी भुकटी बोटाला लागते. अतिनील किरण आणि ऑक्सिजन यांनी तिथे साखळ्या तोडल्यात. आणि घाव नेमका कुठे बसतो? कण्यातल्या ज्या कार्बनला ती फांदी फुटलेली असते, त्याच्याच हायड्रोजनवर. हा हायड्रोजन सगळ्यात ढिला धरलेला. नात्तांच्या प्रयोगशाळेत ज्या फांद्यांच्या शिस्तीने राड्याचं प्लास्टिक केलं, त्या फांद्यांच्याच बुंध्याशी साठ-सत्तर वर्षांनी ऊन कुऱ्हाड चालवतं! कारखान्यात काजळी आणि स्थिरक रसायनं घालून हा नाश लांबवतात, टाळता येत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. भुकटीचा थर खरवडून खालचं ताजं प्लास्टिक उघडं केल्याशिवाय सांधायला जाऊ नये. तुटक्या शेवया सरपटल्या काय आणि न सरपटल्या काय, सारखंच.

थोडं विषयांतर, पण ते केल्यावाचून राहवत नाही. बंपर चिरला नाही, नुसता आत दबला असेल तर उकळतं पाणी ओता किंवा हॉट एअर गनने जरा अंतर ठेवून तापवा, आणि आतून हलकेच ढकला. खळगा भरून येतो. जिथे दबून पांढरा डाग पडला होता तो डागही बराचसा मावळतो. तो डाग रंगाचा नव्हताच: धक्क्याने रबराच्या कणांपाशी सूक्ष्म पोकळ्या उघडल्या आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरला, म्हणून पांढरं दिसलं. खळगा भरतो तोही बराचसा आपोआप. धक्क्याने ताणलेल्या शेवयांना सैल, वेटोळ्या अवस्थेत परतायचंच असतं. थंड प्लास्टिकमध्ये त्या अडकून पडतात, ऊब मिळाली की परततात. शंभर अंशांना मूळ आकार धरून ठेवणारे स्फटिक शाबूत असतात, त्यामुळे कुठे परतायचं हे बंपरला ठाऊक असतं. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे चकचकीत पोलादी बंपर वाकले की हातोड्याने ठोकूनच सरळ करावे लागत. पोलादाला आपला जुना आकार आठवत नाही.

वितळवून सांधण्याचा उपाय मात्र सगळीकडे लागतोच असं नाही. आरशांची कव्हरं आणि पुढची जाळी बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असते. बंगळूरुला बनलेल्या रेवा या छोट्या विजेच्या गाडीची तर अंगावरची पॅनेलंच एबीएसची होती. एबीएसला वितळवण्याचीही गरज नाही. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीचे बारीक तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये टाकले की दाट खळ तयार होते. ती चिरेत भरायची. द्रावणात साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत शिरतात, अ‍ॅसिटोन उडून जातं, गुंता मागे राहतो. म्हणजे उष्णतेचं काम द्रावकाने केलं. (अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, खिडक्या उघड्या आणि विडी बंद.)

आणि पूर्व जर्मनीची ट्राबांट? १९५७ ते १९९१ या काळात त्स्विकाऊ इथे ती तीस लाखांहून जास्त बनली. पोलादी सांगाड्यावर तिची पॅनेलं ड्यूरोप्लास्टची होती, म्हणजे सोव्हिएत संघातून येणारा वाया गेलेला कापूस आणि फिनॉलची राळ, एकत्र दाबून भाजलेली. तिच्यावर सोल्डर गन टेकवून पाहा: वितळणार नाही, करपेल. कारण इथे शेवयांना जागोजागी एकमेकींशी कायमच्या गाठी मारल्या आहेत. सगळं पॅनेल हा जणू एकच अवाढव्य रेणू. सरपटायला कुणी मोकळंच नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत फ्लिंटला बनलेल्या पहिल्या ३०० कॉर्वेट गाड्यांचं फायबरग्लासही याच पंथातलं. अशा पॅनेलची दुरुस्ती अगदी उलट्या मार्गाने होते: चिरेच्या दोन्ही अंगांना लांबवर तिरकं घासायचं आणि काचेच्या धाग्यांची चटई राळेत भिजवून थरावर थर द्यायचे. इथे चिकटवणंच कामाला येतं, कारण या राळेच्या अंगावर ऑक्सिजन आहे, धरायला जागा आहे. पॉलिप्रॉपिलीनला जे वर्ज्य ते हिला मानवतं, आणि उलटही.

आपल्या बंपरचा सांधा झाला, घासून सपाट झाला. आता रंग. पण थांबा, जिथे ग्लू टिकला नाही तिथे रंग कसा टिकावा? कारखान्यात यावर एक देखणा तोडगा आहे: यंत्रमानव निळी ज्योत बंपरवरून झर्रकन फिरवतो. प्लास्टिक वितळायच्या आत ज्योत पुढे गेलेली असते, तेवढ्यात पृष्ठभागाला थोडा ऑक्सिजन चिकटतो आणि मघाशी गोळी होणारं पाणी आता पसरू लागतं. गॅरेजमध्ये हेच काम प्लास्टिक प्रायमर करतो. त्यात पॉलिप्रॉपिलीनसारख्याच साखळ्या असतात, मात्र त्यांना क्लोरीन जोडलेलं असतं. साखळी बंपरला धरते, क्लोरीनची बाजू रंगाला. पत्र्याची कडक पुट्टी इथे वापरू नये. बंपर वाकतो आणि उन्हात पोलादाच्या कितीतरी पट लांबतो. नागपूरची थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत बंपरच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला, तर दीड मीटरचा बंपर पाचेक मिलिमीटरने लांब-आखूड होतो. कडक पुट्टी एवढी सोबत करू शकत नाही, तडकते.

नव्या गाडीच्या मालकाला मात्र यातलं बरंच करता येत नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांत बंपरच्या आड रडार दडलेलं असतं आणि ते प्लास्टिकमधूनच आरपार पाहतं. त्याची वारंवारिता ७७ गिगाहर्ट्झ. हवेत त्या लहरीची लांबी चार मिलिमीटरहूनही कमी, आणि प्लास्टिकमध्ये शिरली की अडीच-पावणेतीन मिलिमीटर. म्हणजे लहरीची लांबी जवळजवळ बंपरच्या जाडीएवढी! रडारसमोरच्या प्लास्टिकची जाडी, रंगाचे थर, त्यातली धातूची चमक हे सगळं म्हणून मापून ठरवलेलं असतं. पुट्टीचा एक जाड थर दिला की लहर वाकडी परावर्तित होते आणि पुढची गाडी कुठे आहे याचा अंदाज चुकू शकतो. तारेची जाळी तर रडारसाठी चक्क आरसा. म्हणून रडारसमोरच्या भागात सांधकाम करू नका, असं गाडीसोबतच्या सूचनांतच लिहिलेलं असतं. पंधरा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या बंपरमागे एक आडवी पोलादी पट्टी असते, फार तर फोमचा एक ठोकळा, बाकी हवा. तिथे जाळी कुठेही बसवा.